मेव्हण्याच्या पिकअपचं लॉक

…आणि उपयोग आहे हो, डिफरन्शियल लॉकचा उपयोग आहे, मी नाही म्हणतच नाही, पण म्हणून काय तो बायकोच्या शपथेच्या दिवशीच बघायचा? तुम्हाला सांगतो, आमची विभावरी, पावणेदोन वर्षं थांबून तिला जर्मन नागरिकत्वाची टेर्मिन मिळाली, म्हणजे सरकारी ऑफिसातली ठरलेली वेळ, वोल्फ्सबुर्गला, सकाळी अकराची, उभं राहून चार ओळींची शपथ वाचायची की कागद हातात, आणि आमची गाडी नेमकी गॅरेजमध्ये. बसने गेलो असतो की. पण तिचा धाकटा भाऊ रुपेश म्हणाला, "दाजी, माझी पिकअप असताना बस?" आता बायकोचा भाऊ, त्याला नाही कोण म्हणणार?

हा रुपेश नोकरीत अ‍ॅक्सल डिझाइन करतो, आणि स्वतःच्या पिकअपला मागच्या चाकांसाठी हे लॉक घेऊन बसलाय, तीन वर्षं आम्ही ते ऐकतोय, वाढदिवसाला ऐकतोय, बारशाला ऐकतोय, पण वापरायची वेळ काही येईना, कारण इथे धड चिखल सापडायची पंचाईत. आणि त्या दिवशी गावाबाहेर रस्ता बंद. उमलाइटुंग, म्हणजे वळसा, नऊ किलोमीटरचा. याचे डोळे असे चमकले… "शेतातून काढतो."

बिटाचं शेत, आठवडाभर पाऊस, शंभर मीटरवर गाडी रुतली. मागचं उजवं चाक जागच्या जागी गरगर, डावं ढिम्म. मी नव्या सुटात ढकलायला उतरलो, तर हा खिडकीतून शिकवतोय, "दाजी, ढकलू नका, समजून घ्या. साधं डिफरन्शियल ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरवत बसतं. लॉक केलं की दोन्ही चाकं बरोबरीने फिरणार." आणि बटण दाबलं, आणि तुम्हाला सांगतो, निघाली हो गाडी, लोण्यातून सुरी निघावी तशी. उपयोग आहे, मी नाही म्हणतच नाही. दहा पस्तीस झालेले, समोर डांबरी रस्ता, आता पोचलोच…

आणि हा थांबला. "व्हिडिओ राहिला."

विभावरी मागे पैठणी सावरत शपथ पुटपुटत होती. ती म्हणाली, "रुपेश, अकराची आहे." तर हा, "ताई, दोन मिनिटं, नाहीतर ऑफिसात कुणाला पटणार नाही." फोन माझ्या हातात दिला, गाडी वळवली, आणि पाणी साचलं होतं तिथेच नेऊन घातली. लॉक लावलं. दोन्ही चाकं बरोबरीने फिरली. आणि बरोबरीने खाली गेली.

विभावरी घड्याळाकडे बघत शपथ पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली, आता मोठ्याने, आणि मला भीती वाटली ती त्याची.

दहा चाळीसला शेताचा मालक आला ट्रॅक्टर घेऊन, हेर ल्यूडके, हेर म्हणजे आपलं श्रीयुत. ओरडला नाही, शांतपणे विचारलं, "हिला लॉक आहे?" रुपेश अभिमानाने म्हणाला, "हो." तर म्हातारा मान डोलावत, "गेनाऊ, अगदी बरोबर. ज्यांना लॉक नाही ते माझ्या शेतात शिरतच नाहीत."

मी त्यांना टेर्मिनचं सांगितलं. टेर्मिन म्हटल्यावर तो माणूस गंभीर झाला. गाडी ओढायची साखळी घरी होती, आणि ट्रॅक्टरवर शेजारी जागा एकच. आमच्याकडे न बघता त्याने विभावरीला हात दिला. पैठणी आवरून ती चढली, आणि गेले की दोघं, शहराकडे. दहा अठ्ठावन्नला पोचली, शपथ एकदाही न अडखळता वाचली, आणि कागद घेतानाचा तिचा फोटो हेर ल्यूडकेंनी काढला.

आम्ही दोघं शेतात, गुडघाभर चिखलात. मेसेज आला, "झाले." मला हुंदकाच आला हो, अगदी खरंच, आणि रुपेशनेही डोळे पुसले, नाक ओढलं, म्हणाला, "दाजी, चूक माझीच. फक्त मागे लॉक घेऊन भागत नाही. पुढच्या अ‍ॅक्सललाही बसवतो."

बसवलंय. शनिवारी ट्रायल आहे. चिखलात उतरावं लागणारच, म्हणून मी चपला काढूनच जाणार आहे.