मधली जागा

—नाही, उठू नका, बसा न भाऊ, जागा रिकामीच आहे. आता ती कलावतीबाईंची जागा ही गोष्ट वेगळी, पण त्या गेल्या नागपूरले, मोनालीकडे—लेकीकडे हो, देवाकडे नाही—तेव्हा बसा. इकडे भिंतीशी मी, तिकडे वाटेच्या बाजूनं गुलाबराव—येईलच तो आता—अन् मधात तुम्ही. गरम होऊन राहिलं? होणारच, मे महिना अन् रायपूर. पंखा? आहे न डोक्यावर. बटन खराब आहे त्याचं.

काय विचारलं होतं तुम्ही—हव, इथले लोक कशानं बांधून आहेत. तुम्हाले तेलीबांध्याहून, इतक्या दुरून, दर रविवारी यायचं तर माणूस विचारणारच. पाद्रीसाहेब म्हणतील प्रभूच्या प्रेमानं, अन् ते खोटं कसं म्हणू, चर्चमध्ये बसून राहिलो. पण मी सांगतो—या चर्चले बांधून ठेवलं भांडणानं. हसू नका. प्रेमाचा माणूस पाहुणे आले म्हणून एखाद्या रविवारी घरी राहते. भांडणाचा माणूस तापातही येते, काहून की तो नाही आला तर समोरचा जिंकला.

आता आमचंच पाहा. मी अन् गुलाबराव, दोघं अकोल्याकडचे, रेल्वेत संगच लागलो, अन् याच पंख्यापायी बोलणं बंद. मले हवा पाहिजे, त्याच्या कानात हवा जाते. पंखाही तसाच होता म्हणा—एकदा पाद्रीसाहेब बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, वाचायले उभे राहिले, मी पंखा पाचावर केला, पानं अशी उडाली की आकाश-पृथ्वी निर्माण होता होता ते थेट शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात पोचले, अन् आमेन. लोक लवकर घरी गेले, मले आशीर्वाद देत देत. पण गुलाबराव शिंकला. तो शिंकला की बूढ़ा तलावातली बदकं उडतात, विचारा कोणालेही या बूढ़ापारा मोहल्ल्यात. बाहेर निघाल्यावर तो म्हणे, तू मुद्दाम केलं. मी म्हटलं, तू मुद्दाम शिंकला. झालं. तेव्हापासून तो आला की पंखा बंद करते, मी उठून चालू करतो, अन् दोघांपैकी कोणी एक रविवार चुकवत नाही. इतकी निष्ठा प्रेमात असते का, सांगा.

मग शांतीच्या वेळेस काय करता? चांगला प्रश्न आहे. प्रवचनाआधी पाद्रीसाहेब म्हणतात, एकमेकांना शांती द्या, की सगळे शेजाऱ्याचा हात हातात घेतात. आमच्या बाकावर ती शांती कलावतीबाईंमार्फत जायची. माझा हात धरायच्या, मग वळून तोच हात गुलाबरावले—'निरंजनभाऊंकडून घ्या.' तिकडची इकडे. कधी संग एखादी लवंगही यायची, मले खोकला असला तर. मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं, तेव्हा घरी रोज डबा यायचा, कलावतीबाईंच्या नावानं. पण जवसाची चटणी—भाऊ, तशी चटणी अख्ख्या रायपुरात एकाच घरी होते. पहिल्याच घासाले ओळखली. खाल्ली. डबा घासून कलावतीबाईंकडेच पाठवला. काहून बोलू? भांडण माणसाशी होतं, चटणीशी नाही.

दुसरी घंटा झाली वाटते. तुम्हाले दिसून राहिलं का दारातून कोणी—उंच, पांढरा सदरा, कानात कापूस? नाही? असेल रस्त्यात. मले काय. सकाळी चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी बायबलचं वचन टाकलं, सगळ्यांनी आमेन लिहिलं. तो कधी लिहीत नाही, पण पाहते तरी. आज पाहिलंही नाही.

मागच्या रविवारी? हव, आला होता. कलावतीबाई गेल्यावरचा पहिलाच रविवार, मधली जागा रिकामी. पाद्रीसाहेब म्हणाले शांती द्या. मी समोर पाहिलं. त्यानं हात पुढं केला का? केला असेल. थोडासा. बरं, केला होता—तुम्ही बसून आहात न, तिथपर्यंत आला होता तो हात. मी तेव्हा चष्मा पुसून राहिलो होतो. खूप मळला होता चष्मा. पुसून होईपर्यंत त्यानं हात मागे घेतला, त्याच हातानं कानातला कापूस नीट केला, अन् गाणं सुरू झालं. पंखा त्या दिवशी त्यानं बंदही नाही केला. शेवटपर्यंत चालू. म्हणजे लढाई मीच जिंकलो, भाऊ, अन् घरी गेलो तर घास उतरेना. उन्हाळ्यात होते तसं.

बटन खराब नाही. मीच बंद केलं, सगळ्यांच्या आधी येऊन. राहू द्या, हात नका लावू. हा घ्या माझा रुमाल, धुतलेला आहे.

भांडणाचा माणूस तापातही येते, असं म्हटलं न मी मघाशी? मग ज्यानं भांडण सोडून दिलं, तो काहून येईल? हे मले आठ दिवसांपासून कोणी सांगून नाही राहिलं.

थांबा. दारात—कापूस आहे न कानात? हव. तोच. वर पंख्याकडे पाहून राहिला.

नाही, इकडे सरकू नका. मधात तर बिलकुल नका बसू. उठा न भाऊ, मागच्या बाकावर खिडकीशी जागा आहे, तिथला पंखा चालू आहे. पाहुण्याले उठवून राहिलो, कळते मले. पुढच्या रविवारी तुम्ही म्हणाल तिथं बसवतो. पिशवी राहिली तुमची, घ्या. अन् एक—शांतीच्या वेळेस इकडे पाहू नका.

जा आता.