पहिल्या गिऱ्हाइकाचा रेडिओ

बाळांनो, अशी कल्पना करा की कुरिअरच्या रांगेत तुम्ही खोकं धरून उभे आहात आणि दोन्ही बाजूंनी मावशी नि मामा भांडताहेत. चिमीचं अगदी तसंच झालं होतं. हौशी लोकांनी घरी जोडलेल्या यंत्रांसाठी मावशीने ऑनलाइन बाजार उघडला होता आणि पहिलं गिऱ्हाईक मामाच्या रेडिओला मिळालं होतं.

“दादा, खोकं पुन्हा का उघडलंस?”

“आवाजाचं बटण जरा घट्ट वाटतंय. घरी नेऊन बदलतो.”

“परवा रेडिओचा दिवा बदललास, त्याआधी अख्खा डबा!”

“बदलला नाही, सुधारला.”

“आज नाही गेला तर तो माणूस ऑर्डर रद्द करणार आहे. पहिलंच गिऱ्हाईक गेलं, की उठला माझा बाजार!”

“आणि त्याने नावं ठेवली तर?”

“ठेवायला आधी हातात तर पडू दे! तुम्ही सगळे हौशी सारखेच. एकाचं म्हणून काम संपत नाही!”

“हौसेचं काम आहे बाई, भज्यांसारखे भराभर घाणे काढायचे नाहीत.”

“चला, पुढचे!” खिडकीतून हाक आली.

“एकच मिनिट,” म्हणत मामाने खिशातून पेचकस काढला.

चिमीने झाकण दाबून खोकं खिडकीत सरकवलं.

“काका, चिकटपट्टी जरा जास्त लावा. मामा इथेच उभा आहे.”