वैजूआप्पांची हवा

कानिफनाथ : पन ताई, ह्यात गानं कुठंय? तीन पानं वाजवली आमी.

प्रणिता : गाणं नाहीच आहे, मास्तर. पितळी वाद्यांसाठी लिहिलेली नवी रचना आहे. रविवारी नगरच्या संगीत महोत्सवात तुमचा बँड ती वाजवणार आहे.

कानिफनाथ : ते खरं. तुमी संगमनेरच्या कॉलेजात संगीत शिकवता, मी पाथर्डीत वराती वाजवतो. आमच्याकडं हे वाजलं तर नवरदेव घोड्यावरनं उतरून पळंल.

प्रणिता : पळू दे. त्यालाही एक संधी मिळावी.

कानिफनाथ : बरं, अजून एक. आमच्या वैजूआप्पांना तुमी सांगा, की ह्यात त्यांचं ते मोठं पितळी वाद्य, युफोनियम, न्हाई.

प्रणिता : का? मी तर मधला अख्खा लांब सूर त्यांना दिलाय.

कानिफनाथ : मोटरसायकलवरनं पडले, वरचे चार दात गेले. आता कवळी हाय. फुकाया गेलं की कवळी पुढं येती आन सूर मागं ऱ्हातो. परवा वरातीत ती नवरीच्या मामाच्या पायाशी पडली. मामानं उचलून दिली आन वर पाया पडला.

प्रणिता : मग तुम्हीच सांगा त्यांना.

कानिफनाथ : मला फुकायला त्यांनीच शिकवलं. कुठल्या तोंडानं सांगू?

प्रणिता : दात असलेल्या.

वैजनाथ : काय खलबत चाललंय?

प्रणिता : या, आप्पा. तुमचीच वाट बघत होतो. दुसऱ्या पानावरचा लांब सूर वाजवता का?

वैजनाथ : थांब, कवळी खिशात टाकतो. हं. फूऽऽऽ…

कानिफनाथ : बघा. पंक्चर.

वैजनाथ : ओठाला आधार न्हाई, पोरी. नुसती हवा जाती.

प्रणिता : परत करा. तशीच हवा सोडा, आणि चाव्या दाबत राहा.

वैजनाथ : फूऽऽ… हूऽऽ… फूऽऽऽ…

प्रणिता : मास्तर, ऐकलंत? चावी बदलली की हवेचा रंग बदलतो. तो सूर मी खोडते. तिथं बाकी सगळे थांबतील आणि एवढंच ऐकू येईल.

वैजनाथ : म्हाताऱ्याची दया आली व्हय? मला नको असलं.

प्रणिता : दया कसली? त्या जागेवर मी चार महिने अडले होते. मास्तर, ट्रम्पेटवर करून दाखवा. सूर निघू न देता, वीस मोजेपर्यंत.

कानिफनाथ : त्यात काय. फूऽऽऽ… पँ.

वैजनाथ : साताला शिंकलं वासरू.

कानिफनाथ : सूर आपसूक लागतो हो.

वैजनाथ : त्योच तुझा दोष. पोरी, वीस न्हाई, तीस लिव्ह.

(रविवारी, नगरच्या सभागृहाबाहेर. कार्यक्रम नुकताच संपला आहे.)

कानिफनाथ : मी तर मेलोच हुतो, ताई. आमी सगळे थांबलो, आप्पांनी हवा सोडली, आन प्रमुख पाहुने आबासाहेब उठले की भाषनाला. त्यांना वाटलं, आटपलं.

प्रणिता : मी विंगेत उभी होते. त्यांना खुणा केल्या, पण त्यांनी बघितलंच नाही.

कानिफनाथ : आप्पांनी फुकता फुकता डावा हात दाखवला, खाली बसा म्हनून. बसले गपगुमान.

वैजनाथ : वरातीतला हात हाय त्यो. लई नाचे बसवल्यात त्यानं.

प्रणिता : नंतर कुणी खोकलंसुद्धा नाही. पण आप्पा, तीस झाले तरी तुम्ही थांबलाच नाहीत.

वैजनाथ : मोजायचं इसरलो. समदी गप बसून ऐकत हुती. बेचाळीस वर्सं वाजवलं, वरातीत कोन गप बसतंय?

कानिफनाथ : आप्पा, मंगळवारी तिसगावला वरात हाय, तर…

वैजनाथ : मी न्हाई येनार. तिथं सूर लागतो. तुला म्हनता येईना, म्हनून मीच म्हनतो.

कानिफनाथ : मला कसं म्हनता आलं असतं?

वैजनाथ : न्हाई आलं, तेच बरं. पोरी, असलं अजून काय सुचलं तर फोन कर.

प्रणिता : करते, आप्पा.

कानिफनाथ : टेम्पो आला. आना, वाद्य मी धरतो.

वैजनाथ : असू दे. अजून गरम हाय.