पाण्यातला माणूस

(लेये नदीकाठचं गाव. चित्रकार ओमेरची खोली. शनिवारी फरशी पुसायला येणारी सिडोनी बादली खाली ठेवून एका चित्रासमोर उभी आहे.)

सिडोनी : तो कामिलच आहे. माझा नवरा.

ओमेर : अगं, इथं नाक नाही, डोळे नाहीत. निळ्या-तपकिरी रंगाचे चार फटकारे!

सिडोनी : डावा खांदा बघा. असा वाकडा होऊन, धाग्यासाठी नदीत भिजत घातलेल्या जवसाच्या पेंढ्या ओढणारा गावात दुसरा कोण आहे?

ओमेर : बरं, असेल कामिल. मग?

सिडोनी : मंगळवारी काढलंत ना हे?

ओमेर : हो. नदीत एकटाच होता. तसं ऊन पुन्हा पडलं नाही.

सिडोनी : एकटाच असणार! बाकीचे संपावर होते. कामिलनं त्यांना सांगितलंय, तापानं अंथरुणात होतो म्हणून.

ओमेर : मग गेला कशाला?

सिडोनी : मालकासाठी नव्हे हो. जवस पाण्यात जास्त राहून वाया जाताना बघवत नाही त्याला.

ओमेर : चित्र गेंट शहरात प्रदर्शनाला चाललंय. गावातलं कोण बघणार तिथं?

सिडोनी : उद्या संपवाल्यांची सभा गेंटलाच आहे. आणि उद्या रविवार, प्रदर्शन सगळ्यांना खुलं! मागच्या संपात व्हिक्टर फुटला. त्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला पाद्री सोडून कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

ओमेर : सिडोनी, अकरा वर्षं माझी चित्रं परत आली. म्हणायचे, नुसतं धुकं आहे, यात माणूस कुठं दिसतो? हे पहिलंच घेतलंय. न्यायला गाडी येईल इतक्यात.

सिडोनी : मला तर दारातूनच दिसला.

ओमेर : दारातून?

सिडोनी : गारठलेला. कोणी बघेल म्हणून धास्तावलेला.

ओमेर : तेही दिसलं?

सिडोनी : न दिसायला काय झालं?

ओमेर : ...ती सुरी दे. रंगांजवळची. आणि जरा बाजूला हो, उजेड अडतोय.

सिडोनी : साहेब... सगळाच खरवडताय?

ओमेर : खांदा ठेवला तर तू ओळखशील. पाय ठेवले तरी ओळखशील.

सिडोनी : गाडी आली वाटतं.

ओमेर : थांबेल. भगदाड पडलंय नुसतं. काय भरू मी इथं?

सिडोनी : तो बाहेर आला की पाणी थोडा वेळ गढूळ राहतं. तेवढं ठेवा.