वरची ओळ मोठी काढ

माझा जन्म कोल्हापुरातला, गंगावेशीच्या मागं एका खोलीतला, जिथं भांडी कमी आणि रंगाचे डबे जास्त. आणि पहिलंच सांगून ठेवतो, मी बाई असून आलो-गेलो बोलतो, ते लिहिताना दुरुस्त करू नका. आमच्याकडच्या बायका अशाच बोलत्यात. नाव शालन. वय पन्नासच्या पुढं, किती पुढं ते माझी स्कूटी बी विचारत न्हाय. धंदा चटणीचा. कांदा-लसूण, शेंगदाणा, जवस, घरात कुटायची, पिशव्या भरायच्या आणि स्कूटीवर घालून दुकानं फिरायची. दुकानदार मला लांबून बघितलं की म्हणत्यात, आला ठसका.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, दुकानांचे बोर्ड रंगवायचे. मूळचं काम बैलगाड्या रंगवायचं, चाकावर फुलं, साट्यावर, म्हणजे गाडीच्या फळ्यांवर, मोर, त्यातनं हात बसला आणि दुकानांवर आले. पण काय सांगू तुम्हाला, शाळेची पायरी त्यांनी बघितलेली न्हवती. अक्षर म्हणजे त्यांना मोरासारखंच एक चित्र. दुकानदार चिठ्ठी लिहून द्यायचा, अण्णा ती बघून हुबेहूब भिंतीवर काढायचे, आणि शेवटी कोपऱ्यात एक पिवळा गोंडा, बैलाच्या शिंगाला असतोय तसला. ती त्यांची सही. आता हे शाळेचं मी तुम्हाला सांगितलं ते आमच्या आत्यापुढं बोलू नका. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, आमच्याच गल्लीत राहती. तिच्यापुढं हा विषय निघाला की ती पदर खोचून उभीच, माझा भाऊ अडाणी होता व्हय? अख्ख्या कोल्हापूरचे बोर्ड काय मांजरानं लिवले?

आणि हा विषय काढणारी कोण, तर आमची आई. आई गडहिंग्लजची, सातवी पास. तिचं म्हणणं असं, की ती अठरा वर्षांची असताना तिच्या बापाबरोबर एस्टीनं कोल्हापूरला आलती, थोरल्या बहिणीच्या लग्नाचा बाजार करायला. एका किराणा दुकानापुढं एक पोरगा शिडीवर चढून बोर्ड काढत होता. ही वाचायला लागली आणि तिथंच पोट धरून हसायला लागली. पोरगा वरनंच म्हणतोय, ओ पावणं, दात काढायला काय झालं? ही म्हणाली, खालची ओळ कुणी सांगितली काढायला? त्यो म्हणाला, चिठ्ठीत हाय की. चिठ्ठीत होतीच, पण ती रंगवायची न्हवती, दुकानदारानं पेंटरसाठी तळाला लिहिलेलं, वरची ओळ मोठी काढ. अण्णांनी ती बी मोर काढल्यागत भिंतीवर काढली, झोकदार, गोंड्यासकट.

पुसतो म्हणाले तर दुकानदारच म्हणाला, राहू दे, लोकं थांबून हसत्यात आणि थांबलेला माणूस पावशेर तरी गूळ नेतोय. पुढच्या बाजारला अण्णा गडहिंग्लजला हजर, म्हणे गाडी रंगवायची हाय कुणाची? गाडी न्हाय, गिऱ्हाईक न्हाय, नुसता ब्रश घेऊन हिच्या दारात. झालं लग्न. लग्नानंतर आईनं चुलीपुढं बसवून कोळशानं फरशीवर त्यांना अक्षरं शिकवली. हे सगळं आईचं म्हणणं. अण्णांना विचारलं तर ते हसायचे आणि रंग ढवळत बसायचे. व्हय म्हणाले न्हाईत, न्हाय म्हणाले न्हाईत. त्यामुळं आयुष्यभर आत्या म्हणती, वैनी, तू लबाड हायस, आणि आईजवळ पुरावा काय? तीन पायऱ्यांचं एक दुकान, एवढंच तिला आठवतंय. कोल्हापुरात तीन पायऱ्यांची दुकानं मोजायला बसला तर म्हातारं व्हाल.

अण्णा गेले. आणि त्यानंतर एकदा चटणी द्यायला गेलो तर बघतो, एका दुकानावर फ्लेक्स लावणारी माणसं अण्णांचा लाकडी बोर्ड फोडत होती. मी मोबाईल काढला आणि फोटो मारला. मग नादच लागला. जिथं चटणी तिथं फोटो. आणि फोटो मारला की विचारायचं, आजोबा काय विकायचे हो? लोकं बी मोकळी होत्यात. आमच्या गल्लीतल्या ब्युटी पार्लरचा फ्लेक्स वाऱ्यानं उडला तेव्हा मागं निघालं, येथे बैलांना नाल मारून मिळतील. पार्लरवाली म्हणती, मावशी, हा फोटो कुणाला दाखवलासा तर बघा. मी आजपर्यंत फक्त तीनशे लोकांना दाखवलाय.

एक युक्ती बी सापडली. जुन्या भिंतीवर चुना मारलेला असतोय, अक्षर दिसत न्हाय. पण पाणी मारलं की चुना पातळ होतोय आणि खालचा रंग वर येतोय, सुकला की परत गायब. म्हणून न्हाव्याकडची पाण्याची फवाऱ्याची बाटली आणली. ती आता चटणीच्या पिशवीतच असती.

तर गेल्या महिन्यात एका मंगळवारी माझ्या एका जुन्या दुकानात गेलो. अकरा वर्षं दर मंगळवारी तिथं चटणी देतो मी. फ्लेक्स उतरवलेला, मालक म्हणाला, काकू, उद्या गवंडी येतोय, भिंत छिलून टाईल मारणार. मी वर बघितलं. चुन्यात कोपऱ्याला एक पिवळा डाग. खाली बघितलं. तीन पायऱ्या! अकरा वर्षं त्याच पायऱ्यांवर मी पाय आपटून हिशोबाला भांडलोय, आणि मोजल्या कधी न्हाईत.

मी मालकाला म्हटलं, उद्या अकरापर्यंत हात लावायचा न्हाय भिंतीला, न्हायतर चटणी बंद. त्यो घाबरला. चटणीला न्हाय, मला.

सकाळी आईला स्कूटीवर घेतलं. आत्याला म्हटलं, तू बी चल, एकदाचं मिटू दे. ती म्हणाली, मी लबाडांच्या गाडीवर बसत न्हाय, आणि रिक्षा करून आमच्या आधी पोचली. पायरीवर गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन उभा, मालक घड्याळ बघतोय, चार गिऱ्हाईकं जमली. मी स्टुलावर चढलो. आई खाली, माझा पदर घट्ट धरून. हसून हसून सांगितलेली गोष्ट खोटी निघाली तर माणसानं काय करायचं सांगा?

पहिला फवारा मारला. किराणा व भुसार, मोठ्ठं. दुसरी ओळ, गूळ, शेंगा व सर्व माल. तिसरा फवारा मारला आणि कोपऱ्यात गोंडा पिवळा धमक झाला, आणि गवंडीच मोठ्यानं वाचायला लागला, वरची ओळ मोठी काढ.

सगळी हसायला लागली. आई हसली न्हाय. ती आत्याकडं नुसती बघत होती. आत्या म्हणाली, ह्यात काय, दुकानदारानंच गंमत केली असंल. तिचं ते वाक्य संपायच्या आत पाण्याचा ओघळ खाली उतरला, आणि खाली अजून एक ओळ दिसायला लागली. बारीक, वाकडीतिकडी, निळ्या रंगात, पोरांच्या पाटीवर असती तसली. काढली की.

मालक म्हणाला, अहो, आजोबा सांगायचे, एक पेंटर लग्नाचे पेढे घेऊन आलता, लग्नाला दोन-तीन महिने होऊन गेल्यावर, आणि पेढे देऊन शिडी मागितली त्यानं. आई म्हणाली, हे मला ठाऊक न्हाय, हे मला कधी सांगितलं न्हाय त्यांनी. ही अक्षरं माझी हायत, मी शिकवलेली.

आणि आत्या! आत्यानं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, वैनी, बोलणं मात्र माझ्या भावाचंच.

भिंत दुपारपर्यंत छिलली. गवंड्याची बी रोजंदारी असती, त्याला कसं अडवायचं? जाताना त्यानं निळ्या रंगाची एक खपली आईच्या हातात दिली, ती आता देव्हाऱ्यात हाय, अण्णांच्या फोटोशेजारी. आत्या आता रोज संध्याकाळी येती आणि आईकडनं ती गोष्ट पहिल्यापासनं ऐकती, आणि आईला काय बी विचारलं, औषध घेतलं का, जेवलीस का, की आई म्हणती, घेतलं की, जेवलो की, आणि दोघी दात न्हाईत तरी दात काढत्यात.

तुमचं भलं होवो, एवढा वेळ बसून ऐकलंसा. जाताना चटणी न्या. आणि हे छापलंसा तर एक करा. माझं नाव खाली बारीक असू दे, पण वरची ओळ मोठी काढा.