बदलीचं कारण

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीशी माझ्यापुढे बापलेक उभे होते.

"बाबा, मुंबईचं कॉलेज सोडून इथे दुसऱ्या वर्षाला का येतेस, असं विचारतील. काय सांगू?"

"खरं ते सांग. तुला मुंबईत करमत नाय."

"मला? मला चांगलं करमतंय. कंटाळलात तुम्ही. आई म्हणाली, माझ्या शिक्षणापायी तुम्ही तिकडे अडकून पडलायत."

"मी कशाला कंटाळतोय? ती मला म्हणाली, पोरगी रोज फोनवर रडते."

"मी नाय रडले कधी."

"मग मी नोकरी कशासाठी सोडली गो?"

"मला काय माहीत! तुम्ही आईला नीट विचारलं होतंत?"

"विचारलं ना. म्हणाली, माझ्यासाठी नका येऊ. मला गावात एकटीनं राहायची सवय झालीय."

"मलाही हेच म्हणाली. आणि आज सकाळी फोनवर विचारत होती, बाबांना अजून फणसपोळी आवडते ना?"

खिडकीमागून मॅडमनी हाक दिली.

"पुढचे कोण? या. बदलीचं कारण सांगा."

"बाबा, आता काय सांगू?"

"सांग मॅडमना, मुंबईत करमत नाय. दोघांनाही."