नव्या चित्राचं वय

त्या चेन्नईच्या दलालाचं तुम्हाला सांगितलं का? दुकानातलं नवं कोरं तंजावर शैलीचं चित्र पाहून म्हणाला, "अण्णा, याला जरा धुरी द्या आणि शंभर वर्षांचं आहे असं लिहून द्या. हॉटेलसाठी अशी बारा घेतो."

मी आतून आमच्या चित्रकार सेल्वीला हाक मारली. "हिनं गेल्या महिन्यात काढलंय. हिचं वय किती लिहू?"

"अहो, सगळेच देतात लिहून!"

"मग सगळ्यांकडे जा की."

तो तणतणत गेला. सेल्वीचा चेहरा उतरला. "अण्णा, बारा चित्रांचं काम गेलं."

"जाऊ दे. ब्रश आण, सही कर."

तिनं सवयीनं चित्र पालथं केलं.

"मागे नाही, पुढे कर. चांगली ठळक. आणि खाली तारीख घाल."